गोष्ट अर्धी सांगा, उरलेली लेकरांना सांगू द्या



बचत गटाच्या बैठकीत हजेरी झाली, हप्ते जमा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या, तरी बाया लगेच उठत नाहीत. चहा येईपर्यंत घरच्या गोष्टी निघतात आणि त्यात सगळ्यात जास्त लेकरांच्या. कुणाचं पोरगं खोटं बोलायला लागलंय, कुणाची पोरगी मोबाईल काढून घेतला की ताट ढकलते. एका ख्रिस्ती ताईंचं गाऱ्हाणं मात्र वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या पोराला पवित्र शास्त्रातली चाळीस वचनं तोंडपाठ आहेत. नाताळात बक्षीसही मिळालं. पण घरी आला की धाकट्या बहिणीच्या पाठीत धपाटा घालायचं काही सुटत नाही. मग पाठ करून मिळालं काय?"

आजचं बोलणं त्यांच्या या प्रश्नावर आहे. मी ख्रिस्ती घरातली, रविवारी उपासनेनंतर लेकरांचा वर्ग घेते, म्हणून गोष्टी पवित्र शास्त्रातल्या सांगणार. ऐकणाऱ्यांत सगळ्या धर्मांच्या बाया आहेत हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरी तुमच्या गोष्टी असतील. सांगायची रीत मात्र कुणालाही वापरता येईल.

माझं म्हणणं असं आहे. प्रेम, खरेपणा, दया, क्षमा हे शब्द नुसते ऐकवून लेकराच्या अंगी येत नाहीत. गोष्ट असो, लिखाण असो की कोडं असो, त्यातलं शेवटचं काम लेकरासाठी राखून ठेवलं तर ते गुण अंगी लागायला सुरुवात होते. आपण आया नेमकं तेच काम उरकून टाकतो. गोष्ट संपते न संपते तोच "यावरून काय शिकायचं?" म्हणून विचारतो आणि उत्तरही आपणच देतो. लेकरू मान हलवतं. मान हलवणं फार सोपं असतं.

पवित्र शास्त्रात नाथान नावाच्या संदेष्ट्याची हकिकत आहे. दावीद राजाने मोठा अपराध केला होता. आपल्याच एका शिपायाची बायको घेतली आणि तो शिपाई लढाईत मरेल अशी तजवीज केली. राजाला तोंडावर कोण बोलणार? नाथान गेला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका गावात दोन माणसं होती. एकाकडे मेंढरांचे कळपच्या कळप, दुसऱ्याकडे विकत घेतलेली एकच कोकरी. ती त्याच्या लेकरांबरोबर वाढली, त्याच्याच ताटातलं खाल्लं, त्याच्या कुशीत निजली. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपल्या कळपाला हात लावला नाही, गरिबाची ती कोकरी कापली. दावीद तापला. त्या माणसाला सोडायचं नाही, चौपट भरून द्यायला लावायचं, असा निकालच त्याने दिला. मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच.

ही गोष्ट इतकी काम का करते? कारण निकाल दावीदाने स्वतः दिला. नाथानाने आधीच "तू चूक केलीस" म्हटलं असतं तर राजाने लगेच ढाल पुढे केली असती. लेकरंही तेच करतात. "तू पेन्सिल का घेतलीस?" म्हटलं की "मी नाही, त्याने" हे उत्तर तयारच असतं. पण गोष्टीतल्या माणसाबद्दल विचारलं तर ती मोकळेपणाने बोलतात, आणि बरोबर बोलतात.

मात्र एक सांभाळायचं. नाथानाचं शेवटचं वाक्य राजासाठी होतं, सात वर्षांच्या लेकरासाठी नाही. पोराने सकाळी पेन्सिल चोरली आणि संध्याकाळी आईने चोराची गोष्ट काढली, तर त्याला कळतं की हे बोलणं गोष्टीचा सदरा घालून आलंय. पुढच्या वेळी गोष्ट म्हटलं की ते उठून जाईल. म्हणून जिथे काही बिघडलेलं नाही त्या दिवशी गोष्ट सांगावी. चोरीची गोष्ट चोरी न झालेल्या दिवशी.

प्रभू येशूने सांगितलेले दाखले पाहिले तर शेवट लोकांवर सोडायची हीच रीत दिसते. चांगल्या शोमरोन्याचा दाखला बहुतेकींनी ऐकला असेल. वाटेवर लुटारूंनी एकाला मारून अर्धमेलं टाकलं, याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला, आणि शोमरोनी थांबला. गोष्ट संपल्यावर येशूने उपदेश केला नाही, उलट विचारलं, या तिघांतला त्याचा शेजारी कोण झाला? उत्तर ऐकणाऱ्यालाच द्यावं लागलं. आता आपल्या लेकरांना शोमरोनी म्हणजे कोण हे कसं कळणार? नकाशा दाखवून नाही कळत. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, त्यांच्या भांड्यातलं पाणीही घेणं जड जायचं, एवढं सांगितलं की मराठवाड्यातल्या लेकराला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. मग विचारावं, आपल्या गावात आपण कुणाच्या घरचं पाणी पीत नाही? कुणाशेजारी बसत नाही? इथे आपल्यालाच घाम फुटतो, कारण लेकरं खरं उत्तर देतात. फुटू द्यावा.

जास्तीत जास्त भांडणं लावणारा दाखला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. मालकाने पहाटे काही मजूर आणले, मग दुपारी, मग दिवस मावळायला तासभर उरला असताना चौकात उभे असलेले आणखी काही आणले. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी दिली. आपल्याकडे कडवंचीच्या द्राक्षबागा आहेत, जालन्याच्या नाक्यावर सकाळी कामासाठी उभे राहणारे मजूर आहेत, त्यामुळे चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं. मोठी लेकरं खवळतात. "हा तर अन्याय झाला, दिवसभर उन्हात राबले त्यांचं काय?" ज्या लेकराचा बाप नाक्यावर उभा राहून रिकाम्या हाती घरी आलेला असतो, ते मात्र वेगळं बोलतं. त्याला माहीत असतं की संध्याकाळपर्यंत उभा राहिलेला माणूस आळशी नव्हता, त्याला कुणी कामाला लावलंच नव्हतं, आणि त्याच्या घरीही चूल तेवढीच पेटते. हे दोघं एकमेकांशी बोलतात तेव्हा मी गप्प बसते. न्याय आणि दया यांचं नातं मला त्यांच्यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही.

उधळ्या पुत्राचा दाखला तर अर्धाच आहे. धाकटा घरी परत आला, बापाने मेजवानी दिली, थोरला रागावून बाहेर उभा राहिला, बाप त्याची समजूत घालायला बाहेर आला, आणि तिथेच गोष्ट थांबते. थोरला आत गेला की नाही ते कुठेच सांगितलेलं नाही. हे मोठ्या माणसांच्याही पटकन लक्षात येत नाही. लेकरांना वही द्या आणि म्हणा, पुढचं तुम्ही लिहा. कुणी लिहितं, आत गेला पण जेवला नाही. कुणी लिहितं, आईने येऊन हाताला धरून नेलं. दाखल्यात आईचा उल्लेखच नाही, तरी लेकरं तिला आणतात! ज्याला धाकट्या भावंडाचा राग येतो ते पोरगं थोरल्याला रात्रभर बाहेरच उभं करतं. तेही चालेल. ते स्वतःचंच लिहितंय, त्याला लाल पेन लावू नये.

हे काही आज सुचलेलं नाही. इंग्लंडात ग्लॉस्टर नावाच्या शहरात 1780 मध्ये रॉबर्ट रेक्स या वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाने रविवारची शाळा सुरू केली, ती वाचायला शिकवायला. तिथली गरिबांची लेकरं आठवडाभर टाचण्यांच्या कारखान्यांत राबायची. रविवार हाच एक मोकळा दिवस. म्हणजे आपल्या संडे स्कूलची सुरुवात कामकरी लेकरांच्या पाटी-पेन्सिलीपासून झाली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या फडावर जाणारी आपल्या जिल्ह्यातली लेकरं पाहिली की मला हे हमखास आठवतं.

मराठीतही ही परंपरा जुनी आहे. 1842 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने ज्ञानोदय सुरू केलं आणि 1870 नंतरच्या दशकात खास मुलांसाठी बालबोधमेवा नावाचं मासिक काढलं. नावातच मेवा, म्हणजे खाऊ! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मुलांसाठी कविता लिहिल्या. त्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता अनेकींनी वाचली असेल. शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षीण पिलांपर्यंत पोचते आणि तिथेच जीव सोडते. त्या कवितेसाठी कुणाला ख्रिस्ती असावं लागत नाही, आणि वाचल्यावर गलोल उचलताना पोराचा हात क्षणभर तरी थांबतो. दया शिकवायची तर अशी. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, कारण साध्या बाईला आणि लेकराला ते वाचून कळलं पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. 1922 मध्ये त्या गेल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधून 1924 मध्ये ते पुस्तक बाहेर आलं. आपण वर्गात अवघड शब्द वापरतो तेव्हा रमाबाईंची आठवण ठेवायला हवी.

आपल्या जालन्याचंही यात एक नाव आहे, रेव्हरंड नारायण शेषाद्री. मुंबईतल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले हे ब्राह्मण गृहस्थ. त्यांनी जालन्यात मिशनचं काम उभारलं आणि जवळच बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. पण मला आज त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्या धाकट्या भावाबद्दल बोलायचंय. 1843 मध्ये नारायणरावांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा श्रीपत नावाचा साधारण बारा वर्षांचा भाऊही मिशनऱ्यांकडे होता. वडील कोर्टात गेले. मुलगा अजाण आहे म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग त्याला परत जातीत घ्यायचं की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणांत मोठा वाद पेटला. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर श्रीपतला परत घ्यावं म्हणून उभे राहिले आणि त्यांनाही लोकांचा रोष सोसावा लागला. मिशनरी, वडील, न्यायाधीश, शास्त्री, सगळे त्या लेकरावरून भांडले. पुस्तकांत त्यांची मतं वाचायला मिळतात. मला मात्र त्या बारा वर्षांच्या पोराचा विचार येतो.

म्हणून दुसऱ्याच्या लेकराच्या बाबतीत मी काही गोष्टी पक्क्या पाळते. शेजारचं लेकरू गोष्टीला येऊन बसलं तर आधी त्याच्या आईला विचारायचं, आज काय सांगणार तेही सांगायचं. गोष्ट ऐकली म्हणून खाऊ नाही, वचन म्हटलं म्हणून पैसे नाहीत. आणि तुमच्या घरी जे शिकवतात ते चूक, असं कधी म्हणायचं नाही. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात आहे. ज्या घरात लेकरं मनाचे श्लोक म्हणतात त्या घरातही खरेपणाच शिकवला जातो. ज्याला गुण वाढवायचेत त्याने दुसऱ्याच्या घरचा गुण आधी मान्य करावा.

आता लिखाणाबद्दल. नव्या करारात सत्तावीस पुस्तकं आहेत आणि त्यातली एकवीस पत्रं आहेत. म्हणजे पत्र लिहिणं आपल्याकडे मुळातूनच आलेलं आहे. त्यात फिलेमोनाला लिहिलेलं एक पानभराचं पत्र आहे. अनेसिम नावाचा गुलाम मालकाकडून निघून गेलेला. पौल त्याला परत पाठवताना मालकाला लिहितो, याला आता गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घे, आणि याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. बचत गटातल्या बाईला हे वाक्य लगेच कळतं, कारण दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. दहा-बारा वर्षांच्या लेकरांना मी हे पत्र वाचून दाखवते आणि मग सांगते, तुम्ही कुणासाठी तरी रदबदलीचं पत्र लिहा. वर्गातल्या मित्रासाठी बाईंना, बहिणीसाठी बापाला. स्वतःसाठी मागायला सगळ्यांना येतं. दुसऱ्यासाठी मागताना त्याची बाजू समजून घ्यावी लागते, आणि तिथेच सगळं शिकणं असतं.

माफीचं पत्र मात्र जबरदस्तीने लिहून घेऊ नका. "शंभर वेळा लिही, मी खोटं बोलणार नाही" याने हात दुखतो, दुसरं काही होत नाही.

दुसरा प्रकार आभाराच्या बाराखडीचा. स्तोत्रसंहितेतलं एकशे एकोणिसावं स्तोत्र मुळाक्षरांवर बांधलेलं आहे. इब्री भाषेत बावीस अक्षरं, प्रत्येक अक्षराच्या आठ ओळी, अशी एकशे शहात्तर वचनं. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली कर्तबगार बाईची ओवीही अशीच बावीस वचनांची. ती बाई शेत पारखून विकत घेते आणि आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, हे आपल्या गटाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. लेकरांनी आपल्या मुळाक्षरांवर लिहावं. क कणसाचा, ख खळ्याचा, ग गायीचा, म मोसंबीचा. कशाकशाबद्दल आभार मानायचे ते रोज एक अक्षर. ङ आणि ञ सोडून द्या, तिथे मोठी माणसंही अडतात.

आणि तिसरं, आजीची गोष्ट उतरवून घेणं. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा मिळाली नव्हती, लग्नानंतर घरीच अक्षरओळख झाली, आणि त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. 1934 मध्ये त्याचा पहिला भाग आला. बोलल्यासारखं लिहिलं आणि स्वतःची फजिती झाकली नाही, म्हणून ते आजही ताजं आहे. आपल्या घरोघरी अशा आज्या आहेत. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, एका पोत्यात महिना काढलेल्या. लेकराने शेजारी बसून ते लिहून घेतलं तर एकाच वेळी वडीलधाऱ्यांचा मान, धीराने ऐकणं आणि खरं तेच लिहिणं, तिन्ही होतात. त्यासाठी वेगळा पाठ लागत नाही.

कोड्यांकडे आपण खेळ म्हणून बघतो, पण त्यातही माणूस दिसतो. पवित्र शास्त्रातलं सगळ्यात गाजलेलं कोडं एका लग्नातलं आहे. आपल्याकडे लग्नात उखाणे असतात, तसं शमशोनाने तीस वऱ्हाड्यांना कोडं घातलं आणि पैज लावली, तीस अंगरखे आणि तीस पोशाख. मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांनी पोळं केलं होतं, त्यावरचं ते कोडं. कुणाला सुटेना. तेव्हा वऱ्हाड्यांनी नवरीला धमकावलं, नवऱ्याकडून उत्तर काढून दे नाहीतर तुला आणि तुझ्या बापाच्या घराला जाळून टाकू. तिने रडून रडून उत्तर काढलं, ते पैज जिंकले. हे सांगून मी लेकरांना विचारते, कोडं कुणी सोडवलं? "कुणीच नाही" हे उत्तर यायला वेळ लागतो. शेजारच्याच्या वहीत बघून शब्दकोडं भरलेलं पोरगं त्यानंतर जरा इकडेतिकडे बघतं. पोरी मात्र दुसराच प्रश्न विचारतात, पैज पुरुषांची, मग त्या नवरीचा काय दोष? तो प्रश्न खरा आहे. मी त्याचं गोड उत्तर देत नाही.

घरच्या घरी शब्दकोडं करणं सोपं आहे. वर्तमानपत्रातलं आडवं-उभं शब्दकोडं जगात पहिल्यांदा 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं, पण आपल्या मराठीला ते फार छान बसतं. एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि जोडाक्षर असेल तर तेही त्याच घरात. 'जक्कय' तीन घरं, 'शोमरोनी' चार, 'येरुशलेम' पाच. पाठकोऱ्या कागदावर पट्टीने घरं आखायची. माझा सल्ला असा की कोडं तुम्ही करू नका, लेकरांनाच करायला सांगा. सोडवणारा एकदा गोष्ट आठवतो, करणारा दहादा वाचतो. दुसऱ्यासाठी कोडं करताना ते सुटण्यासारखं पाहिजे, फसवं नको, हेही त्याला सांभाळावं लागतं.

वचन पाठ करण्यापेक्षा त्याचे तुकडे जुळवणं बरं. वचन मोठ्या अक्षरांत लिहून शब्दाशब्दाला कापायचं आणि तुकडे चार लेकरांत वाटायचे, कुणाकडेच पूर्ण नाही असे. चौघं बोलल्याशिवाय वचन जुळत नाही. जे लेकरू नेहमी मागे बसतं त्याच्याकडेही एक तुकडा असतो, त्यामुळे त्याला बोलवावंच लागतं. पहिला नंबर, दुसरा नंबर काढू नका. त्या ताईंच्या पोराला चाळीस वचनांवर बक्षीस मिळालं होतं आणि त्याचं सगळं लक्ष बक्षिसावरच राहिलं असणार. पुढच्या आठवड्यात त्यांनी पोराला आणि धाकटीला मिळून एकच कोडं करायला बसवावं असं मी सुचवलं. ते दोघं किती भांडले हे कळेलच.

एका बाबतीत आपण आयांनी फार सावध राहायला हवं. ख्रिस्ती गुण म्हणजे नम्रता, आज्ञाधारकपणा, क्षमा. हे शब्द मुलींना सांगताना "गप्प बस, सोसून घे" असा अर्थ चिकटतो. "देव बघतोय" म्हणून भीती घातली की पोरगी स्वतःलाच दोषी मानायला लागते. कुणी मोठ्या माणसाने अंगाला वाईट हात लावला आणि पोरीला वाटलं की मोठ्यांचं ऐकायचं असतं, झाल्या गोष्टीची क्षमा करायची असते, तर ती आपल्याला सांगणार नाही. म्हणून क्षमेची गोष्ट सांगताना त्याच बैठकीत सांगा, वाईट गोष्ट लपवणं ही क्षमा नाही, आईला किंवा बाईंना सांगायचंच, आणि घरी सांगता येत नसेल तर चाइल्डलाइनचा 1098 नंबर फुकट लागतो. तो नंबरही लेकरांना पाठ असावा.

आणि मुलींना सलाफहादाच्या लेकींची गोष्ट जरूर सांगा, ती फार कमी सांगितली जाते. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, या पाच बहिणी. बाप वारला, भाऊ नाही. जमीन वाटप होणार तेव्हा त्या मोशे, याजक आणि सगळ्या पुढाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, भाऊ नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का बुडावं, आम्हाला हिस्सा द्या. मोशेने देवाला विचारलं आणि उत्तर आलं, या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. त्या नम्र होत्या, भांडल्या नाहीत, आणि गप्पही बसल्या नाहीत. जाता जाता सांगते, 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती घरात मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलीला सारखा हिस्सा आहे. किती ख्रिस्ती घरांत मुलींची नावं सातबाऱ्यावर लागतात ते आपापल्या घरात बघा.

वेळ कुठून आणायचा, हा शेवटचा प्रश्न बाया विचारतात. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं पुरतात, भाकरी थापताना सांगितली तरी चालते. उलट भाकरी थापतानाच पाच भाकरींची गोष्ट सांगावी. पाच हजार पुरुषांची गर्दी, आणि एका पोराकडे जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे. शेवटी सगळे जेवून बारा टोपल्या उरल्या हे सगळ्यांना पाठ असतं. विचारा, त्या पोराला तो डबा कुणी बांधून दिला असेल? द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल? आणि तुझा डबा असता तर? ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनी एक पाठकोरी वही आणि एक पेन्सिल बरोबर बांधून न्यावी. फडावरून परत आलेल्या लेकरांच्या वह्यांत आम्हाला बैल, कोपी, ट्रॅक्टर आणि चंद्र अशी कोडी सापडली आहेत, आणि ती गावात राहिलेल्या लेकरांना सुटली नाहीत.

आता तुमच्या लेकरांसाठी तीन कोडी देते. मी घरीच केलेली आहेत, तुमची यापेक्षा चांगली होतील.

पहिलं. पैसा पुष्कळ, उंची थोडी, गर्दीत दिसेना म्हणून उंबराशी जोडी. खाली उतरलो तो पाहुणा घरी, अर्धी संपत्ती गरिबांच्या दारी. मी कोण?

दुसरं. मला ना मुकादम, ना साहेब, ना कुणाची उचल, तरी उन्हाळ्यातच कोठी भरून ठेवते. आळशी माणसाला माझ्याकडे शिकायला पाठवलंय. मी कोण?

तिसरं. श्रीमंतांनी मूठमूठ टाकलं, मी दोनच नाणी टाकली. तरी सगळ्यांपेक्षा जास्त मीच टाकलं असं म्हणाले. मी कोण, आणि असं का म्हणाले?

पहिल्याचं उत्तर जक्कय, लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. दुसऱ्याचं मुंगी, नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात. तिसऱ्यातली ती गरीब विधवा, मार्कच्या बाराव्या अध्यायात. पण तिसऱ्या कोड्याचा "का" मी सांगणार नाही. तुमच्या लेकरांनी काय सांगितलं ते एका कागदावर, त्यांच्याच अक्षरात, गटाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या.